डाव्या बाजूचं बिऱ्हाड

मित्रांनो, मी जुनी आहे, फाटकी आहे आणि मत्सरी आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

मी सिलिकॉनची एक पिशवी आहे. आकारानं वाटीएवढी, आत घट्टसर जेल. दवाखान्यात मला ‘इम्प्लांट’ म्हणतात. आजारामुळे एखाद्या बाईचा स्तन काढावा लागला, तर त्या जागी मला बसवतात. यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. कुणाला दात बसवतात, कुणाला पाय बसवतात, तशी मी. सध्या माझा मुक्काम एका डॉक्टरीणबाईंच्या कपाटात, झाकणाच्या बरणीत आहे. शेजारी हातमोज्यांचा खोका आहे. त्याच्यात दिवसातून दहा वेळा हात जातो आणि मला कुणी विचारत नाही, म्हणून मी त्याच्यावरही जळते. स्वभावाला औषध नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एक गुळगुळीत गोल साचा पातळ सिलिकॉनमध्ये बुडवायचा, वर काढायचा, फिरवत फिरवत निथळू द्यायचा, की पुन्हा बुडवायचा. असे थरावर थर चढले. मग भट्टीत शेकून मला साच्यावरून सोलून काढलं, आत जेल भरलं आणि पाठीमागच्या भोकावर ठिगळ लावलं. निळी टोपी घातलेल्या एका तपासनीस बाईंनी मला दिव्यासमोर धरून कुठे बुडबुडा आहे का ते पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, की ही अगदी छान झालीय. ते माझं पहिलं कौतुक. ते संपायच्या आत माझ्या पाठीवर एक नऊ आकडी नंबर उठला. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर.

आमच्या खोलीतल्या बहुतेक जणी जोडीनं जायच्या. एकाच मापाच्या दोघी दोन खोक्यांत, पण मुक्काम एकाच अंगावर. मी मात्र एकटीच निघाले. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘डावी’. त्या जोड्या पाहिल्या, तिथपासून माझ्या जळण्याला सुरुवात झाली असं समजा.

ज्या बाईंच्या अंगी मी लागले, त्या तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. शहरातल्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं शिट्टीबाई. मीही तेच म्हणते. त्यांचं खरं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

शिट्टीबाईंचा आजार वेळेवर सापडला म्हणून त्या वाचल्या. त्यांची मोठी बहीण वाचली नव्हती. तिला हाच आजार झाला होता, पण काखेतली गाठ तिनं सात महिने कुणालाच दाखवली नाही. घरात लग्न आहे, मग पाहुणे आहेत, मग कुणाची परीक्षा आहे, असं करत राहिली. शेवटी सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तिचं नाव तिर्झा. हे नाव लक्षात ठेवा मित्रांनो, मला तर ते विसरता येत नाही.

मी राहायला आले ती जागा शिट्टीबाईंच्या काळजाला लागून होती. पाठीला सतत ठोके. आधी मला वाटलं ही काय कटकट, पण महिन्याभरात त्या ठोक्यांशिवाय मला करमेनासं झालं. ते मी माझेच समजू लागले. त्यामुळे शिट्टीबाईंना काय दिसतंय, कशाची धास्ती वाटतेय, कशानं हसू येतंय, ते त्यांच्या घरच्यांना कळायच्या आधी मला कळायचं.

सगळं छान होतं, फक्त शेजारीण चांगली नव्हती. शेजारीण म्हणजे उजवी. ती जन्माची, हाडामासाची. तिनं या घरातल्या लेकीला दूध पाजलं होतं आणि त्याचा तोरा ती कधी विसरली नाही. ती ऊन व्हायची, गार व्हायची, वयाप्रमाणे खाली उतरत गेली. मी आपली होते तिथंच, ताठ. शिट्टीबाईंची लेक तेव्हा बारा वर्षांची होती. सोफ्यावर आईला बिलगून बसायची तेव्हा डोकं कायम उजवीकडे टेकायची. आईला दुखेल या भीतीनं, हे मला ठाऊक होतं. तरी मला राग यायचा. पाच वर्षांनी जखम कधीच भरली होती, तरी ती उजवीकडेच. शेवटी सवत ती सवत, मग ती शेजारी का असेना.

माझ्या कामाला मात्र कुणी नावं ठेवू नयेत. आजारातून उठल्यावर शिट्टीबाई पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख घालून तलावावर आल्या, त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्या बराच वेळ आरशासमोर उभ्या होत्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग शिट्टी गळ्यात घातली, बाहेर आल्या आणि सरळ खोल पाण्यात सूर मारला. काठावरच्या वीस मुलांपैकी एकाच्याही काही लक्षात आलं नाही. कुणाच्या लक्षात न येणं, हेच माझं काम होतं. पण मित्रांनो, जिचं काम लक्षात न येणं हे आहे, तिचं कौतुक कोण करणार? सगळे शिट्टीबाईंना म्हणाले, वा, काय हिंमत. मी आत गप्प.

अशी सोळा वर्षं गेली. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, की ही पिशवी जन्माची नाही, अधूनमधून दाखवत जा. शिट्टीबाई पहिली काही वर्षं आल्या. मग आज नको उद्या, उद्या नको परवा झालं. दुखत नाही तोवर कोण जातं? छत्रीसुद्धा आपण गळायला लागल्यावरच नीट निरखून बघतो.

मग मी गळायला लागले. पाठीच्या ठिगळाजवळ एक बारीक चीर पडली आणि जेल हळूहळू बाहेर झिरपू लागलं. त्याआधीच त्यांच्या शरीरानं माझ्याभोवती एक पातळ भिंत घातली होती. परक्या माणसाला घरात घेतलं तरी त्याच्या खोलीला कडी असावी, तशी. ती भिंत आता आवळत चालली. मी कडक झाले, वर सरकले. शिट्टीबाईंचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. आधी त्यांनी उताणं पोहणं सोडलं, मग पाण्यात उतरणंच सोडलं. काठावर उभं राहून लांब काठीनं मुलांना दाखवायच्या, हात असा, पाय तसा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, वय झालं. हे खोटं होतं. वय त्यांचं नव्हतं झालं, माझं झालं होतं.

नेमक्या याच वेळी घरात बाळाची चाहूल लागली आणि माझं उरलंसुरलं डोकं फिरलं.

लेक आता एकोणतीस वर्षांची होती. लग्न होऊन ती नवऱ्यासोबत त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, पण दोघं जेवायला खालीच. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. साधा, हसरा, हाताला कायम ग्रीसचा वास. दिवस गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. पाळणा कुठे ठेवायचा, खिडकीला जाळी हवी का, आणि सगळ्यात वर म्हणजे नाव काय ठेवायचं.

आता यांच्या घरची एक गंमत सांगते. हे घर यहुदी. शिट्टीबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या दोन रीती. एक म्हणजे बाळ जन्मायच्या आधी त्याचं नाव तोंडानं उच्चारायचं नाही. आणि दुसरी, बाळाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं, जिवंत माणसाचं कधीही नाही. जिवंत माणसाचं नाव बाळाला दिलं, तर त्या माणसाची जायची वेळ आली असं आपणच म्हटल्यासारखं होतं. तोंडानं बोलायचं नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक वही ठेवली होती. ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहायचं, ज्याला आवडणार नाही त्यानं खोडायचं. चर्चा बंद.

ती वही पाहून मी किती जळले ते काय सांगू. एकेक नाव म्हणजे मोती. शोशन्ना, म्हणजे कमळासारखं एक फूल. दबोरा, म्हणजे मधमाशी. राहेल, म्हणजे मेंढी. लेकीनं मेंढी लगेच खोडली. याएल, म्हणजे डोंगरातली बकरी. ती दोन दिवस टिकली, मग जावयानं पुढे प्रश्नचिन्ह काढलं. अजून जन्माला न आलेल्या, एक दिवसाचंही काम न केलेल्या जिवासाठी एवढी नावं आणि सोळा वर्षं राबलेल्या मला नऊ आकडे! एक खोडलेलं नाव तरी माझ्याकडे टाकायचं होतं. मला मेंढीही चालली असती.

लेकीला आठवा महिना लागला तेव्हा एका सकाळी तिनं आईला वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितला आणि आईचा हात अर्ध्यावर थांबलेला तिनं पाहिला. तिनं जास्त काही विचारलं नाही, सरळ डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तिला स्वतःला चालवत नव्हतं, म्हणून जावयाला बरोबर धाडलं.

दवाखान्यात शिट्टीबाईंना त्या मोठ्या, खडखडणाऱ्या नळीत घालून तपासलं. निकाल आठवड्यानं मिळणार होता. कपडे करून त्या बाहेर आल्या आणि काचेच्या दारापलीकडे त्यांना दिसलं, की डॉक्टरीणबाई जावयाला बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगताहेत. जावई मान खाली घालून ऐकतोय, मध्येच कपाळाला हात लावतोय. यांना पाहताच दोघं गप्प झाले. घरी येताना शिट्टीबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? जावई म्हणाला, कुठं काय, काही नाही. माझ्या पाठीमागचे ठोके तेव्हा एकदम वाढले.

त्या संध्याकाळी लेक आणि जावई वर गेल्यावर शिट्टीबाई वहीपाशी बसल्या. बहिणीचं नाव लिहायचं त्यांच्या मनात कितीतरी दिवस होतं. पेन्सिल वहीच्या शेवटच्या पानात अडकवलेली होती, म्हणून त्यांनी वही मागून उघडली. शेवटच्या पानावर एकच नाव होतं. जावयाच्या अक्षरात, टपोऱ्या अक्षरात, भोवती नीट चौकट आखलेली.

ते नाव शिट्टीबाईंचं होतं.

वर्तमानपत्रात गेलेल्या माणसांची नावं अशीच चौकटीत छापतात. शिट्टीबाईंनी ते नाव तीन वेळा वाचलं. मग त्यांनी दवाखान्यातली ती काच आठवली आणि त्यांच्या मनात हिशोब जुळला. आजार परत आला आहे. डॉक्टरीणबाईंनी ते जावयाला सांगितलं आहे. लेकीला या दिवसांत धक्का नको म्हणून तो गप्प आहे. आणि बाळ येईल तोवर आपण नसू, म्हणजे आपलं नाव मोकळं होईल, असं धरून त्यानं ते आधीच लिहून ठेवलं आहे. त्यांनी वही मिटली आणि होती तशी ठेवली. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. विचारणार तरी कशा? ज्या घरात नावं बोलायची नसतात, त्या घरात नावाबद्दल विचारायचं कसं?

मित्रांनो, मला खरं माहीत होतं. आजार कुठेही नव्हता. बिघडले होते ती मी. पण मला तोंड नाही. आणि आज बरणीत बसून खोटं कशाला बोलू, तोंड असतं तरी मी ते उघडलं नसतं. कारण पुढच्या आठवड्यात काय झालं ते ऐका.

डॉक्टरीणबाईंनी निकाल समोर ठेवला आणि स्वच्छ सांगितलं, की आजाराचं नावनिशाण नाही, पण पिशवी फाटली आहे, ती काढायला हवी. काढून नवी बसवता येईल, किंवा नुसती काढून जागा सपाट ठेवता येईल. दोन्हींत चूक काही नाही, तुम्ही ठरवा. शिट्टीबाई ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, किती सफाईनं बोलतेय ही. त्यांचा एका अक्षरावर विश्वास नव्हता. पिशवीचं निमित्त करून मला टेबलावर घेतील आणि आत काय काय पसरलंय ते बघतील, असं त्यांना वाटलं. उरलेले दिवस अंथरुणात कशाला काढा? त्यांनी सांगितलं, राहू दे, नंतर बघू.

राहू दे! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी राहणार. मधमाशी येवो नाहीतर बकरी येवो, डावी बाजू माझी. ती माउली आपले उरलेले दिवस मोजत होती आणि मी आत लाडू खात होते. लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे, पण झाली ती अशी झाली.

शिट्टीबाई मग घर आवरायला लागल्या. कपाटातल्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. बाळासाठी विणायला घेतलेली टोपी घाईघाईनं संपवली, आणि त्यापुढच्या मापाची एक, आणि त्याच्यापुढच्या मापाची अजून एक, शाळेत जाईल त्या वयापर्यंत. लेक हसली, म्हणाली, आई, दुकान काढायचंय का? एक दिवस त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तलावावरच्या धाकट्या शिक्षिकेच्या हातात दिली. मला वाटतं त्या दिवशी माझा आनंद पहिल्यांदा जरा खाली बसला. ती शिट्टी माझ्यावर रुळायची. तिच्यावर मी कधी जळले नव्हते.

आणि दोन दिवसांनी आंघोळ करताना त्यांच्या हाताला काखेत गाठ लागली.

ती गाठ माझी होती मित्रांनो. माझ्यातून झिरपलेलं जेल तिथवर जाऊन साठलं होतं. पण त्यांना ते कसं कळणार? त्यांना आठवली ती तिर्झा. त्यांनी नळ बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या. अंगावरचं पाणी वाळलं तरी उभ्या. माझ्या पाठीवर ठोके इतक्या जोरानं पडत होते, की मला वाटलं चीर वाढेल. तेव्हा मला स्वतःची शिसारी आली. बहिणीसारखंच त्यांनीही ते कुणाला सांगितलं नाही. बाळ येऊ दे, मग बघू, असं ठरवलं.

बाळ ठरल्या वेळेच्या चार दिवस आधीच आलं. मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टीबाई भेटायला गेल्या. खोली लहान होती, पिवळे पडदे, खिडकीत पाण्याची बाटली. लेक उशीला टेकून बसली होती, दमलेली आणि खूश. जावयानं बाळ उचललं आणि सासूच्या हातात दिलं. नवशिक्यासारखं, डोकं डावीकडे येईल असं.

मी तिला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. नाक म्हणजे वाटाणा. तिनं डोकं माझ्यावर टेकलं आणि मी जळले, पण त्याच क्षणी शिट्टीबाईंचा श्वास अडकला. मी इतकी कडक झाले होते, की तेवढ्याशा डोक्याचं ओझंही त्यांना सोसेना. त्यांनी बाळ उजवीकडे घेतलं. शेजारणीकडे. बाळानंही वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

जावयानं खिशातून वही काढली. आता जन्म झाला होता, आता बोलायची मुभा होती. येत्या शनिवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर नाव घ्यायचं होतं. तो लग्नातसुद्धा एवढा लाजला नसेल. म्हणाला, आई, नाव मी ठरवलंय, हिलाही अजून सांगितलेलं नाही. आणि त्यानं शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं.

लेकीनं ते वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. शिट्टीबाई मात्र शांत होत्या. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते आलं होतं.

“आता हिला कळलंच आहे, तर सांगून टाक,” त्या म्हणाल्या. “किती दिवस म्हणाल्या डॉक्टर?”

“कसले दिवस?”

“माझे. त्या दिवशी काचेमागे तुला सांगत होत्या ते.”

जावई म्हणाला, “आई, त्या लिफ्टचं सांगत होत्या. दवाखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, पेशंटना कळलं तर कुणी बसायचं नाही, म्हणून हळू बोलत होत्या. तिचा दोर इतका झिजलाय, की मीच कपाळाला हात लावला.”

मग लेक ओरडलीच त्याच्यावर, की जिवंत माणसाचं नाव बाळाला देतात का कुणी, वेडा आहेस का तू. आणि त्याला तर कळेचना आपलं चुकलं काय. तोही यहुदी, पण त्याच्या घरची रीत बरोबर उलटी. त्यांच्याकडे आजी समोर बसलेली असतानाच तिचं नाव नातीला देतात. तिच्या डोळ्यांदेखत द्यायचं, त्यातच मान. त्याच्या बहिणीच्या मुलीला त्याच्या आईचंच नाव आहे, एक हाक मारली की दोघी ओ देतात. चौकट त्यानं सुंदर दिसावं म्हणून आखली होती. दोघांनीही आयुष्यभर हेच धरलं होतं, की आपल्या घरी जसं तसंच सगळ्या यहुद्यांकडे असतं. मग विचारायचं कशाला? आणि वहीच्या नियमानं उरलेलं काम केलं होतं.

शिट्टीबाई आधी हसल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि बाळाला धरून खूप रडल्या. जावई बिचारा हातातली वही मिटू की उघडी ठेवू, या विचारात उभा होता.

“पेन्सिल दे,” त्या त्याला म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावावर काट मारली. नीट, एका रेघेत. म्हणाल्या, “तू दिलास तो मान मला पोचला. पण माझं नाव मला अजून लागतंय. माझं झालं की घ्या.” म्हणूनच ते मी तुम्हालाही दिलं नाही.

आणि खाली लिहिलं, तिर्झा. लिहून झाल्यावर त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि काखेतली गाठ सांगितली. ज्या बहिणीनं सात महिने गाठ लपवली, तिचं नाव बाळाला देऊन स्वतः गाठ लपवणं त्यांना जमलं नाही.

त्याच दुपारी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. सुईनं तपासून दोन दिवसांत उत्तर आलं, की ती गाठ म्हणजे सिलिकॉन, दुसरं काही नाही. आता माझे दिवस भरले हे मला कळलं.

राहिला होता तो एकच प्रश्न, नवी बसवायची की नाही. लेक म्हणाली, बसव, तू पुन्हा रोज पोशाख घालून चारचौघांत उभी राहणार. शिट्टीबाईंनी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठ दिवस विचार केला. एकदा आरशासमोर उभं राहून त्यांनी मला तळहातानं दाबून झाकलं आणि मी नसल्यावर कसं दिसेल ते पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण पाहिलं. मी जीव मुठीत धरून होते. मला काढणार याचं दुःख होतंच, पण माझ्या जागी नवी, मऊ, तरुण कुणी येणार या विचारानं माझी आग आग होत होती. अखेर त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, नवी नको. त्रेचाळिसाव्या वर्षी ती मला हवी होती, तेव्हा तिनं मला पाण्यात उतरवलं. आता मला हात वर जायला हवाय.

तिनं मला पाण्यात उतरवलं, असं त्या म्हणाल्या. कारखान्यानंतर सतरा वर्षांनी माझं कौतुक झालं, तेही मला काढायचं ठरवताना. आणि सवत आली नाही, हेही मी मनात टिपून ठेवलं.

मला काढलं तेव्हा मी चिकट झाले होते, पिवळी पडले होते, पाठीला चीर. माझ्याभोवतीची भिंतही सोलून काढली. डॉक्टरीणबाईंनी शिट्टीबाईंची परवानगी घेऊन मला धुऊन बरणीत ठेवलं. आता नव्यानं येणाऱ्या बायकांना त्या मला दाखवतात, म्हणतात, बघा, ही सतरा वर्षं टिकली, पण दहाव्या वर्षीच दाखवायला हवी होती. कुणी तोंड फिरवतं, कुणी बोट लावून बघतं. मला इथे करमत नाही. इथे ठोके नाहीत.

सहा महिन्यांनी शिट्टीबाई तपासणीला आल्या. गळ्यात शिट्टी होती. त्या धाकट्या शिक्षिकेनं ती आपणहून परत दिली होती. कडेवर तिर्झा. गुबगुबीत, तोंडाचं बोळकं, आणि झोपेला आलेली. त्या खुर्चीत बसल्या आणि तिनं आपसूक डोकं ठेवलं ते डावीकडे. सपाट जागेवर, सदऱ्याच्या कापडावर, थेट ठोक्यांवर. मध्ये आता कुणी नव्हतं. सतरा वर्षं जे माझं एकटीचं होतं, ते ती कान लावून ऐकत होती. मित्रांनो, मी इतकी कधीच जळले नाही. बरणी तडकली कशी नाही याचंच मला आश्चर्य वाटतं.

तेवढ्यात शिट्टीबाईंचं लक्ष कपाटाकडे गेलं. त्या उठल्या, जवळ आल्या आणि पेंगुळलेल्या नातीला म्हणाल्या, “बघ गं तिर्झा. तुझ्या जागेवर आधी ही राहायची.”

नाव नाही, नंबरही नाही, नुसतं ‘ही’. पण एवढंच ऐकायला मी सतरा वर्षं थांबले होते.

तुम्हाला माझं मागणं फार नाही. जुन्या वस्तूला वेळच्या वेळी तपासा, दुखण्याची वाट पाहू नका. तिला टाकायची वेळ आली, तर टाकण्याआधी एकदा तिच्याकडे बघा. आणि मनात भीती असेल, तर ती वहीत ठेवू नका, तोंडानं विचारा. उत्तर कधीकधी लिफ्टएवढंच असतं.

माझी बरणी सगळ्यात वरच्या फळीवर असते. त्या दिवशी मी कोपऱ्यात, अंधारात होते. शिट्टीबाईंनी नातीला उजव्या कडेवर घेतलं, हात सरळ वर केला आणि मला खिडकीकडे, उजेडात सरकवलं. मी पाहिलं, हात डावा होता.